रात्र मोजणारं झाड

बसा पोरांनो, ऐसपैस बसा, आणि तो मोठा दिवा तेवढा मालवा, कारण आज ज्याची गोष्ट सांगणार आहे त्याला रात्रीच्या उजेडाचं भारी वावडं. नाव ख्रिसमस कॅक्टस, म्हणजे जातीनं निवडुंग. आता निवडुंग म्हटलं की आपल्याला माळावरचा फड्या आठवतो, शेळीही तोंड लावताना दोनदा विचार करील असा. पण याचं माहेर पार ब्राझीलात, रिओ द जानेरोच्या उत्तरेला धुक्यानं सदा ओले असणारे डोंगर आहेत तिथलं. तिथं हा मातीत उगवतच नाही, झाडांच्या बेचक्यांत नाहीतर खडकांच्या कपारींत कुजलेला पाला साठतो त्यात मुळं धरतो अन् खाली लोंबतो. बांडगुळासारखा झाडाचा रस मात्र पीत नाही, नुसता आसरा घेतो.

जवळ घेऊन बघा. ही हिरवी पानं दिसतात ना, ती पानं नव्हेतच, चपटं झालेलं खोड आहे, पेराला पेर जोडलेलं. शेवटच्या पेराच्या टोकाशी बारीक लव असते, तिथंच कळी धरते. मग एका फुलातून दुसरं निघाल्यासारखं लांबट गुलाबी फूल उमलतं, अन् त्यातला मध प्यायला तिकडं गुंजनपक्षी येतात.

पण खरी नवलाई पुढंच आहे. तिकडचे लोक याला मे महिन्याचं फूल म्हणतात आणि युरोपात गेलं तर तेच झाड नाताळाच्या सुमाराला फुलतं, कारण त्याचा हिशेब महिन्यांचा नाही, रात्रीचा. विषुववृत्ताच्या पलीकडं मे महिन्यात रात्री लांबतात, अलीकडं हिवाळ्यात. रोज 13-14 तासांचा सलग अंधार पाच-सहा आठवडे मिळाला, हवेत गारवा असला, की त्याला कळतं, आता कळ्या धरायच्या. मधेच कुणी दिवा लावला तर रात्र मोडते. 1938 साली अमेरिकेत हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर, तेच, मेंढरांच्या लोकरीला ज्याची बोंडं चिकटतात, हा प्रयोग केला: लांब रात्रीच्या मधे थोडा वेळ उजेड पाडला, आणि फुलं आलीच नाहीत.

आता पुण्याकडं बघा, डिसेंबरात आपली रात्रही 13 तासांची, रिओकडच्या मे महिन्यातल्या रात्रीएवढीच. म्हणून दसरा झाला की कुंडी अशा खोलीत ठेवायची जिथं दिवसा कोवळा उजेड येतो आणि तिन्हीसांजेनंतर कुणी बटण दाबत नाही. रस्त्याच्या दिव्याची तिरीपही नको. माती भुसभुशीत, नारळाचा काथ्या आणि पालाखत घातलेली. वरचा थर सुकला की पाणी, पण बशीत साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात. उन्हाळ्यात दुपारचं ऊन लागलं तर पेरं तांबूस पडून सुरकुततात. आणि एकदा कळ्या दिसल्या की कुंडी इकडून तिकडं हलवू नका, पाण्याला चुकू नका, नाहीतर रुसून पटापट गाळतं.

फुलं संपली, थोडी विश्रांती झाली, की दोन-तीन पेरं हलकेच पिळून तोडायची, दोन दिवस सावलीत चीर सुकू द्यायची, आणि ओलसर मातीत खोचायची. कुणाला हवंय सांगा, उद्या सकाळी तोडून देतो.