ट्रॅकवरची गाडी आणि एकलहऱ्याचा गतिरोधक

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं. उष्णतेतून गती काढायची, असा तिथला कारभार. मोटारीच्या ब्रेकमध्ये नेमकं याच्या उलट होतं. तिथे गतीची उष्णता होते, आणि ती फार झपाट्याने होते. चालकासह १२०० किलो भरणारी गाडी ताशी १८० किलोमीटरवरून वळणाआधी ७२ वर आणायची, तर साडेबारा लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत चार लिटर पाणी उकळीला येतं. हे काम चार सेकंदांत उरकलं, तर तेवढ्या वेळापुरते ब्रेक सरासरी ३१५ किलोवॉटने राबतात. अशा साडेसहाशेवर गाड्यांनी एकदम ब्रेक मारले, तर एकलहऱ्याच्या एका संचाएवढी शक्ती नुसती चाकांपाशी तापून हवेत जाईल.

हे आकडे आधी मांडले, कारण ‘गाडी ट्रॅकसाठी तयार करायची’ म्हटलं की आपल्याकडची तरुण मंडळी पहिल्यांदा बॉनेट उघडतात. नाशिक-पुण्याकडे खऱ्याखुऱ्या दोन दारी स्पोर्ट्स कार तशा कमीच. इथली हौस भागवली ती चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्यांनी. पोलो जीटीचं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १०५ अश्वशक्तीचं, म्हणजे ७७ किलोवॉटचं. वरच्या हिशेबातले ब्रेक ३१५ किलोवॉटचे. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र इंजिन नसून ब्रेक असतात. तरी पैसा जातो तो इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्यात आणि सायलेन्सर मोकळा करण्यात.

याच पोलोची शर्यतीची आवृत्तीही होती. २०१० पासून भारतात पोलो कप भरू लागला, आणि पहिल्या मोसमात त्यात चक्क १.६ लिटरच्या डिझेल इंजिनाच्या, १३० अश्वशक्तीच्या पोलो धावल्या. आतली गादी-अस्तरं काढलेली, जागी पोलादी नळ्यांचा पिंजरा, गुळगुळीत स्लिक टायर, दगडासारखं सस्पेन्शन. रस्त्यावरच्या पोलोपेक्षा अश्वशक्ती थोडीच जास्त, पण गाडी सगळीच वेगळी. ती बाजारात न्यायची नव्हती, म्हणून कंपनीचं काम सोपं होतं. अवघड आहे ते सोमवारी कामावर नेणारी आणि वर्षातून एकदोनदा ट्रॅकवर उतरणारी एकच गाडी जमवणं.

ब्रेककडे परत येऊ. पुढच्या दोन डिस्कचं वजन मिळून साधारण बारा किलो धरलं, तर वरच्यासारख्या एका ब्रेकला त्या दीडशे अंशांच्या आसपास चढतात. रस्त्यावर त्या निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर पुढचं वळण अर्ध्या मिनिटात येतं. दोनतीन फेऱ्यांत डिस्क पाचशे अंशांच्या पुढे जाते. एकलहऱ्याच्या बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण तेवढीच तापलेली असते. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ब्रेक चालतात ते द्रव दाबला जात नाही या एका गुणावर. तो उकळला, त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पाय बुडबुडे दाबत बसतो आणि पेडल थेट तळाला टेकतं.

ब्रेक ऑइलच्या बाटलीवर ‘डॉट ४’ असं लिहिलेलं असतं. या दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. पण हा द्रव हवेतली ओल शोषतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. नाशिकचे दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणं म्हणजे काय, हे यावरून कळावं. ‘डॉट ५.१’ची मर्यादा नव्याला २६० आणि ओल मुरलेल्याला १८०. (नावाने फसू नका. नुसतं ‘डॉट ५’ हे सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.)

पॅडचं प्रकरण उलट आहे. शर्यतीचे पॅड तापल्यावरच पकडतात. नाशिकरोडच्या सिग्नलला सकाळच्या गारव्यात रिक्षा आडवी आली, तर हे महागडे पॅड कंपनीच्या साध्या पॅडपेक्षा उशिरा गाडी थांबवतील. म्हणून ते डिकीत न्यावेत, ट्रॅकवर बसवावेत आणि परत निघताना काढावेत. जॅक, पाना आणि थोडा सराव असला की तासाभराचं काम.

ब्रेकने कितीही जोर लावला, तरी गाडी थांबते टायरने. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. १२०० किलोला २.३ ने भागा. चारही चाकं मिळून रस्त्याला टेकतात ती जेमतेम ५२० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या चतकोर पानावर. कॅम्बर, टो, स्प्रिंग, अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचं कलंडणं रोखणारी दांडी), सगळी खटपट या चतकोराचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून.

हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २७ अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा टायरच्या आत ७७ अंशांवर गेली की काटा ४० च्या जवळ पोचतो. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, पकड जाते. म्हणून ट्रॅकवर मुद्दाम चारपाच पीएसआय कमी हवेने सुरुवात करतात आणि फेऱ्या मारून आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, मोजून दुरुस्त करतात. तोच कमी दाब घेऊन घरी निघालात, तर महामार्गावर टायरच्या कडा सतत दुमडत राहतील, त्या तापतील आणि टायर फुटायची वेळ येईल. परतीच्या वाटेवर पहिला थांबा हवेच्या पंपाशी.

आता वळण. वेगात वळताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती, ते गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आणि चाकं एकमेकांपासून किती दूर यावर ठरतं. गुरुत्वमध्य अर्धा मीटर, चाकांतलं अंतर दीड मीटर आणि वळणाचा ओढा ०.९ जी धरला, तर १२०० किलोंपैकी ३६० किलो इकडचे तिकडे होतात. स्प्रिंग कडक करा, बार जाड घाला, हा आकडा जवळजवळ हलत नाही. मग बार घालायचा कशाला?

टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून थोडी कमीच मिळते. दोन चाकांवर तीनशे-तीनशे किलो असताना मिळणारी एकूण पकड, एकावर शंभर आणि दुसऱ्यावर पाचशे असताना मिळत नाही. म्हणजे पुढच्या किंवा मागच्या ज्या जोडीत भार जास्त विषम वाटला जाईल, ती जोडी आधी सुटणार. पोलोसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं नाक जड असतं. जोरात वळवली की ती नाकाने बाहेर जाते. मागचा बार जाड केला की भाराची जास्त हलवाहलव मागच्या चाकांत होते, पुढच्यांची सुटका होते आणि नाक वळणात शिरतं. ट्रॅकवर हे मोठं सुख. पण जुलैमध्ये कसारा घाटात, ओल्या वळणावर, समोर ट्रक दिसून तुम्ही एकदम ॲक्सिलरेटर सोडलात, तर हीच गाडी शेपूट बाहेर काढेल. कंपनीने नाक बाहेर जाण्याची खोड गाडीत जाणूनबुजून ठेवलेली असते, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, आणि तसं केल्यावर नाकाने जाणारी गाडी आपोआप सावरते. मागचा जाड बार मी रस्त्याच्या गाडीला लावू देणार नाही.

कॅम्बर म्हणजे चाकाचा कल. वळणात गाडी कलंडते, बाहेरचं चाक तिच्यासोबत बाहेर कलतं आणि टायर कडेवर येतो; म्हणून ट्रॅकच्या गाडीची चाकं वरून आत झुकवून ठेवतात, अडीच-तीन अंशांपर्यंत. सरळ रस्त्यावर अशा गाडीच्या टायरची आतली कड झिजत जाते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहून चाकं जितकी आत झुकतील तितकी अलाइनमेंटवाल्याकडून झुकवून घ्यावीत, एवढंच पुरे. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची दिशा, सरळ ठेवा, त्यात फार काही नाही.

स्प्रिंगमध्ये मात्र बऱ्याच जणांची फसगत होते. रस्त्याची गाडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण सव्वा वेळा डोलते. चालण्याच्या तालाजवळचा हा डोल शरीराला सोसतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकवर काम करताना मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने प्रयोगांनी दाखवलं की पुढचे स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ हवेत. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो; मागची बाजू थोडी जलद डोलली तर उशिरा सुरुवात करूनही पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डोकं हलवत बसत नाही. शर्यतीच्या बंद गाडीचा डोल दोन-अडीच असतो. सव्वाचा अडीच करायला स्प्रिंग चौपट कडक लागतो. गुळगुळीत ट्रॅकवर तो उत्तम. एकलहऱ्याकडच्या खडबडीत डांबरावर मात्र तो चाकालाच उडवतो, आणि हवेतल्या चाकाची पकड शून्य. जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक उंचवट्यांचा आहे. तिथे मुरलेले लोकही गाडी इतर ट्रॅकपेक्षा मऊच ठेवतात.

गाडी खाली घेण्याची हौस गतिरोधकाशी येऊन थांबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आसपास अंतर. दोन्ही चाकं या कमानीवर असताना मधला फुगवटा पोटाकडे फक्त साडेचार सेंटिमीटर येतो. म्हणजे सोळा-साडेसोळा सेंटिमीटरची गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली, तरी निवांत जाईल. पण गावकऱ्यांनी रातोरात घातलेला गतिरोधक अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच असतो. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची, आणि अख्खे पंधरा सेंटिमीटर पोटाखाली. खाली घेतलेल्या गाडीचं ऑइल चेंबर तिथे फुटतं. गाडीत चार माणसं असतील तर खाली न घेतलेलीही घासेल.

एकलहऱ्याच्या परिसरात आणखी एक गोष्ट हवेत असते: राख. कोळशाच्या राखेचे कण बारीक, गोल, काचेसारखे कठीण. त्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. ट्रॅकवाले इंजिनाला उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावतात. इथे तो लावला तर कंपनीच्या कागदी फिल्टरपेक्षा जास्त कण आत जायचा धोका, आणि वर बॉनेटखालची तापलेली हवा. २५ अंशांऐवजी ४० अंशांची हवा घेतली, की तिची घनता पाच टक्क्यांनी घटते. पैसे मोजून इंजिन झिजवायचं आणि ताकदही घालवायची, असा हा सौदा.

कायद्याचंही पाहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल गाडीत करता येणार नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. म्हणजे जाणं आलं ते खऱ्या ट्रॅकवर: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी, किंवा २०११ मध्ये फॉर्म्युला वन जिथे झाली तो ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ज्याचा एक सरळ पट्टाच किलोमीटरहून लांब आहे. नाशिकहून यांतलं काहीच जवळ नाही. हजाराहून जास्त किलोमीटर गाडी चालवत जायचं, ट्रॅकवर तासभर पळवायची आणि तीच गाडी चालवत घरी यायचं. अशा गाडीचं नव्याण्णव टक्के आयुष्य रस्त्यावर जाणार, तेव्हा ती रस्त्याचीच ठेवावी. नवं ब्रेक ऑइल, डिकीत पॅडचा दुसरा जोड, हवेचा चांगला गेज, चाकांचा कल थोडा आत. स्प्रिंग, बार आणि इंजिनाला हात नको. उरलेल्या पैशात ट्रॅकवर शिकवणाऱ्याला शेजारी बसवा. फेरीचा वेळ सगळ्यात जास्त तोच कमी करून देतो.

आणि ज्यांना ट्रॅकशी काही देणंघेणं नाही, त्यांनीही सर्व्हिसची बिलं काढून ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते पाहावं. दोन वर्षं उलटून गेली असतील, तर घाटात उतरण्याआधी ते बदलून घ्या.