बदल्यांचा हंगाम : चालक, करार आणि चाहत्यांचे आडाखे

लेखमाला : शर्यतीमागचे व्यवहार – लेखांक ६

फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत २०१७ ते २०२५ या काळात दहा संघ होते आणि प्रत्येक संघाच्या दोनच मोटारी धावत असल्याने साऱ्या जगातून केवळ २० चालकांना तेथे नियमित स्थान मिळत असे. २०२६ पासून कॅडिलॅक हा अकरावा संघ दाखल झाल्यामुळे ही संख्या २२ झाली. एवढ्या थोड्या जागांसाठी पडद्याआड ज्या हालचाली चालतात त्यांविषयी चाहते वर्षभर तर्क लढवीत असतात आणि युरोपातील उन्हाळी विश्रांतीच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या आगेमागे, या तर्कांना ऊत येतो. शर्यतींच्या जगात या काळाला ‘सिली सीझन’ असे म्हणतात. मागील लेखांकात संघांच्या उत्पन्नाचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकात चालकांच्या स्थलांतराविषयीचे हे आडाखे कोणत्या माहितीवर बांधले जातात आणि जाणकार चाहत्यांचेही आडाखे वारंवार का फसतात, याचा शोध घ्यावयाचा आहे.

एक गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे, ती ही की या चर्चेला निव्वळ रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणता येत नाही, कारण जागा मोजक्या असल्याने एका चालकाच्या निर्णयाचे पडसाद पाच-सहा संघांत उमटतात आणि ते कोणत्या क्रमाने उमटतील हे ओळखण्यास खरोखरच अभ्यास लागतो. २०२२ चे उदाहरण या दृष्टीने नमुनेदार आहे. हंगेरीच्या शर्यतीआधी २८ जुलै रोजी चार वेळच्या जगज्जेत्या सेबास्टियन फेटेलने निवृत्ती जाहीर केली. शर्यत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, त्याच्या ॲस्टन मार्टिन संघातील जागेवर फर्नांडो अलोन्सोची नेमणूक झाल्याचे प्रसिद्ध झाले. अलोन्सो तोवर ज्या अल्पीन संघाकडून खेळत होता त्या संघाच्या प्रमुखांना याची निश्चिती प्रसिद्धिपत्रकातूनच झाली, असे त्यांनी स्वतः सांगितले. अल्पीनने २ ऑगस्टला ऑस्कर पियास्ट्री या आपल्या राखीव चालकाचे नाव पुढील हंगामासाठी घोषित केले आणि त्याच दिवशी पियास्ट्रीने आपण असा कोणताही करार केलेला नसून अल्पीनकडून खेळणार नाही, असे जाहीरपणे कळवले. राखीव चालक म्हणजे नियमित चालक आजारी अथवा जायबंदी झाल्यास त्याच्या जागी उतरण्यासाठी संघाने बाळगलेला चालक. अशा उमेदवाराने स्वतःच्याच संघाची घोषणा खोटी ठरवावी, हे त्या खेळाच्या रीतीला धरून नव्हते.

साखळी तेथे थांबली नाही. पियास्ट्री मॅक्लारेनकडे जाणार म्हणून डॅनियल रिकार्डोला तेथून निघावे लागले. अल्पीनची जागा भरण्यासाठी अल्फाटॉरी या रेड बुलच्या धाकट्या संघातून पियेर गॅस्लीला सोडवून घेण्यात आले, आणि गॅस्लीची जागा कोणाला, हा प्रश्न रेड बुलपुढे उभा राहिला. रेड बुलला अमेरिकेच्या इंडिकार स्पर्धेतील कोल्टन हर्टा हवा होता. परंतु फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा ‘सुपर लायसन्स’ नावाचा परवाना लागतो, त्यासाठी तीन वर्षांत निरनिराळ्या स्पर्धांतून ४० गुण साठवावे लागतात, आणि हर्टाकडे होते ३२. शेवटी ती जागा निक दे व्रीस या डच चालकाला मिळाली, कारण इटलीतील मोन्झा येथे आजारी अलेक्झांडर आल्बनच्या जागी ऐनवेळी विल्यम्सची मोटार चालवून त्याने नववा क्रमांक पटकावला होता. पुढच्या जुलैमध्ये, दहा शर्यतींनंतर, त्यालाही वगळण्यात आले आणि त्याच्या जागी आला तो रिकार्डो.

याच जागेवर भारतातील, विशेषतः मुंबईतील चाहत्यांचेही डोळे लागलेले होते, कारण मुंबईचा जेहान दारूवाला २०२० पासून रेड बुलच्या उमेदवार चालकांच्या योजनेत होता आणि फॉर्म्युला वनच्या लगतची खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला टू स्पर्धेत शर्यती जिंकत होता. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक यांच्यानंतर तिसरा भारतीय येणार, ही आशा भाबडी म्हणता येणार नाही. पण ती बाळगणाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वीचा धडा पुरेसा विचारात घेतला नव्हता. २०२० मध्ये फॉर्म्युला टूच्या कार्लिन संघात दारूवालाच्या जोडीला युकी त्सुनोडा होता. त्याने त्या हंगामात तिसरे स्थान मिळवले हे खरे, परंतु तो होंडाने घडवलेला चालक होता आणि रेड बुलच्या दोन्ही संघांना इंजिने होंडाच पुरवीत असे, ही बाबही अल्फाटॉरीने त्याला २०२१ साठी घेण्यामागे होती असे मानण्यास भरपूर जागा आहे. वेगाच्या जोडीला इंजिनपुरवठादार, प्रायोजक, बाजारपेठ यांपैकी एखादे बळ पाठीशी असावे लागते. दारूवालाने २०२२ च्या जूनमध्ये सिल्व्हरस्टोन येथे मॅक्लारेनच्या मोटारीची चाचणी घेतली, पण नियमित जागा त्याला मिळाली नाही, आणि पुढे तो विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत माझेराती संघाकडून उतरला.

आता पियास्ट्रीच्या तंट्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण चाहत्यांचे आडाखे नेमके कोठे अडखळतात हे तेथे उघड होते. हा तंटा कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्ड या मंडळापुढे गेला. चालक आणि संघ यांच्यातील करार या मंडळाकडे नोंदवले जातात आणि एकाच चालकावर दोन संघांनी हक्क सांगितल्यास कायदेतज्ज्ञ निवाडा देतात. मंडळाच्या जन्मामागेही एक पळवापळवीच आहे. १९९१ मध्ये जॉर्डन संघाच्या बेर्त्राँ गाशो या चालकाला लंडनमधील टॅक्सीचालकावर अश्रुधूर फवारल्याबद्दल तुरुंगवास झाला, त्याच्या जागी बेल्जियमच्या स्पा येथील शर्यतीत मायकेल शुमाकर हा अपरिचित जर्मन तरुण उतरला आणि पात्रता फेरीत सातवा आला. शर्यतीत त्याची मोटार पहिल्याच फेरीत बंद पडली, तरी पुढच्या शर्यतीपूर्वी बेनेटन संघाने त्याला आपल्याकडे ओढून घेतले. जॉर्डन न्यायालयात गेला आणि हरला, कारण त्याच्या हातातील कागद इरादा सांगणारा होता, बंधनकारक करार नव्हता. ३१ वर्षांनी अल्पीनच्या वाट्याला जवळपास तेच आले: २ सप्टेंबर २०२२ रोजी मंडळाने एकमताने निर्णय दिला की पियास्ट्रीचा ग्राह्य करार केवळ मॅक्लारेनशी असून तो ४ जुलैचा आहे. ही तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिच्यानंतर नऊ दिवसांनी रिकार्डोने आपण २०२३ अखेरपर्यंत मॅक्लारेनशी बांधील असल्याचे निवेदन काढले होते आणि असंख्य चाहत्यांनी ते वाचून मॅक्लारेनचे नाव आपल्या यादीतून खोडले होते. निवेदनात असत्य काही नव्हते; त्याचा करार खरोखरच २०२३ पर्यंत होता. मात्र त्याची जागा भरली जाण्याची तजवीज आधीच झालेली होती.

येथे या लेखांकाचा मुख्य मुद्दा येतो. कोणाचा करार कोणत्या वर्षी संपतो याचे तक्ते चाहते मोठ्या निष्ठेने तयार करतात आणि त्या वर्षावरून कोण ‘मोकळा’ व कोण ‘बांधलेला’ हे ठरवतात. परंतु करार संपण्याचे वर्ष हा त्या दस्तऐवजातील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग असावा, अशीच गेल्या काही वर्षांची साक्ष आहे. अशा करारांत तीन प्रकारची कलमे विशेष महत्त्वाची असतात. पहिले ‘ऑप्शन’चे, ज्यानुसार ठरावीक मुदतीपर्यंत पुढचे वर्ष घ्यायचे की सोडायचे हा अधिकार एका पक्षाकडे राखला जातो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसाच हा प्रकार, फक्त येथे रुमालाचे मोल कोटींत असते. दुसरे, मुदतीआधी बाहेर पडण्याची वाट ठेवणारे. आणि तिसरे, मोटारीने अथवा चालकाने अमुक कामगिरी न केल्यास दुसऱ्या पक्षाला मोकळे करणारे. ही कलमे गुप्त असतात, म्हणून चाहत्याला वर्ष दिसते आणि अट दिसत नाही.

लुईस हॅमिल्टनच्या प्रकरणात हेच घडले. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी मर्सिडीजने त्याच्याशी २०२५ अखेरपर्यंतचा करार जाहीर केला, आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०२४ ला, तो २०२५ पासून फेरारीकडून खेळणार असल्याची घोषणा झाली. जाहीर केलेल्या दोन वर्षांपैकी दुसरे वर्ष सोडून देण्याचा अधिकार त्याने करारात राखलेला होता. फेरारीने तत्पूर्वी आठवड्याभरात शार्ल लक्लेरची मुदत वाढवली होती, त्यामुळे कार्लोस साइन्झचेही तसेच होईल असा समज होता. प्रत्यक्षात हॅमिल्टनला जागा देण्यासाठी साइन्झलाच निघावे लागले. त्या दिवशी फेरारीच्या समभागाचा भाव वधारला आणि त्याचे सारे श्रेय हॅमिल्टनला देण्यात आले. कंपनीचे वार्षिक निकाल त्याच दिवशी प्रसिद्ध झाले होते, याचा उल्लेख करण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

साइन्झ पुढे कोठे जाणार, याविषयीच्या आडाख्यांत दुसरी एक चूक पाहावयास मिळते, आणि ती अधिक चतुर लोक करतात. २०२४ च्या जानेवारीत साइन्झच्या वडिलांनी ऑडीच्या वाहनातून डकार ही वाळवंटी शर्यत जिंकली होती. ऑडी कंपनी २०२६ पासून सॉबर संघाच्या रूपाने फॉर्म्युला वनमध्ये उतरणार होती. तेव्हा मुलगा ऑडीकडे जाणार हे उघडच आहे, असा तर्क बांधला गेला. मार्चमध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी साइन्झने ऑस्ट्रेलियातील शर्यत जिंकली, तेव्हा रेड बुल किंवा मर्सिडीज त्याला सोडणारच नाही असे दुसऱ्या गटाने मानले. दोन्ही तर्क सुसंगत होते आणि दोन्ही फसले. रेड बुलने जूनमध्ये सर्जिओ पेरेझची मुदत दोन वर्षांनी वाढवली, मर्सिडीजने १८ वर्षांच्या किमी आन्तोनेल्लीला पसंती दिली, आणि साइन्झने २९ जुलैला विल्यम्स निवडला, जो त्या वेळी गुणतक्त्यात तळाकडे होता. खुद्द पेरेझची वाढीव मुदतही कागदावरच राहिली: १८ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे त्या घोषणेनंतर जेमतेम साडेसहा महिन्यांत, त्याने संघ सोडला. त्याच्या जागी आलेल्या लियम लॉसनला तर दोनच शर्यती मिळाल्या.

कयासांचा आणखी एक पैलू असा की ते नेहमी चाहत्यांच्या मनातच जन्मतात असे नाही. चालकाचा व्यवस्थापक त्याच्या करारांची बोलणी करतो, आणि दुसरा संघ उत्सुक असल्याची कुजबुज पसरली तर त्या बोलण्यांत त्याचे वजन वाढते. २०२५ च्या उन्हाळ्यात मॅक्स व्हर्स्टॅपेन रेड बुल सोडून मर्सिडीजकडे जाणार, अशी जोरदार हवा होती. त्याचा करार २०२८ पर्यंतचा. परंतु उन्हाळी विश्रांतीच्या वेळी तो गुणतक्त्यात पहिल्या तिघांत नसेल तर त्याला मोकळे होता येईल, असे कलम त्यात असल्याचे वृत्त होते. चाहत्यांनी त्याची आणि मर्सिडीजचे प्रमुख टोटो वोल्फ यांची नौका एकाच सुमारास सार्डिनिया बेटाजवळ असल्याचे शोधून काढले आणि त्यावर मजले चढवले. ३१ जुलैला व्हर्स्टॅपेनने आपण रेड बुलमध्येच राहत असल्याचे सांगितले. तेव्हा तो तिसऱ्या क्रमांकावर होता. येथे नौकांच्या ठावठिकाण्यापेक्षा गुणतक्ता अधिक सांगत होता आणि तो तर प्रत्येकाच्या हाताशी होता. ज्यांनी कलमाची वार्ता गांभीर्याने घेऊन नुसती गुणांची बेरीज केली, त्यांना उत्तर आधीच मिळाले होते.

यावरून असे दिसते की चाहत्यांकडे माहिती कमी असते हे त्यांच्या चुकांचे पूर्ण कारण नव्हे. रिकामी जागा कोठे निर्माण होणार हे ते बऱ्याचदा अचूक ओळखतात; ती कोण भरणार हे सांगताना मात्र आवडत्या चालकाला न्याय मिळावा ही इच्छा तर्काचा वेश घेते आणि गुणवत्तेची बाजू जड होते. जागा देणारा संघ मात्र मोटारीच्या पुढील दोन वर्षांच्या भवितव्याकडे, दुसऱ्या चालकाशी जमेल की नाही याकडे आणि खर्चाकडे पाहत असतो. यंदाच्या उन्हाळ्यात एखाद्या बदलीची बातमी वाचताना वाचकांनी करार कधी संपतो हे विचारण्याऐवजी तो मोडण्याचा अधिकार कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, असा प्रश्न विचारून पाहावा.

चालकांच्या या गदारोळात अभियंत्यांच्या बदल्यांकडे त्या मानाने दुर्लक्ष होते, वास्तविक त्यांचा परिणाम अधिक काळ टिकतो. रेड बुलच्या विजयी मोटारींचे आरेखक एड्रियन न्यूई यांनी १ मे २०२४ ला तो संघ सोडत असल्याचे जाहीर केले, १० सप्टेंबरला ॲस्टन मार्टिनने त्यांची नेमणूक घोषित केली, आणि प्रत्यक्ष रुजू होण्यास त्यांना मार्च २०२५ पर्यंत थांबावे लागले. अभियंत्याला असे महिनोन्‌महिने का थांबवले जाते आणि त्याच्या डोक्यातील ज्ञान कोणाच्या मालकीचे मानले जाते, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.