मलपृष्ठावरचा फोन नंबर

पहाटे ५. सकाळचे पहिले तीन तास फक्त लिहिण्याचे. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आवाज बंद. सध्या मिरजेच्या एका सतारमेकर घराण्यावर कादंबरी चालू आहे. आजच्या प्रकरणात मंगळवेढ्याकडून भोपळे भरलेला टेम्पो गल्लीत शिरतो आणि म्हातारा कारागीर एकेक भोपळा बोटाच्या पेरानं वाजवून बाजूला काढतो. तो कुठे वाजवेल, देठाशी की पोटावर? एवढ्यावरच तासभर जातो. दोन परिच्छेद मनासारखे उतरले की सकाळ सार्थकी लागते.

८.३०. आता फोन हातात. माझी पुस्तकं मीच काढते, त्यामुळे मलपृष्ठावर नंबर माझाच असतो. लेखिका, प्रकाशक, विक्रेती, तक्रार ऐकणारी, सगळ्या त्या एकाच नंबरवर सापडतात. रात्रभरात आलेले निरोप मी चहाबरोबर वाचते आणि प्रत्येकाला उत्तर देते. ‘धन्यवाद’ एवढंच लिहून सुटका करून घेणं मला पटत नाही. ज्यानं चार रात्री आपल्या पात्रांना दिल्या, त्याला निदान चार ओळी द्यायला हव्यात.

आज कोइमतूरहून एक आवाजी निरोप आलाय. बोलणारे विट्याकडचे गलाईवाले. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यांतलेच एक. मागे भट्टीचा आवाज येतोय. “ताई, आईला वाचता येत नाही. मी रोज रात्री दुकान बंद झालं की फोनवरून तिला पाच-सहा पानं वाचून दाखवतो. काल ती म्हणाली, त्या पोरीचं लगीन ठरायच्या आधी थांब, उद्या ऐकते.” हा निरोप मी दोनदा ऐकला. मी दुकानांच्या साखळीवर विसंबून राहिले असते तर माझं पुस्तक विट्यातल्या या माऊलीच्या कानापर्यंत पोहोचलंय, हे मला कधीच कळलं नसतं.

१०.३०. जेवणाच्या टेबलावर पॅकिंग. आधी विचारून घेतलेलं नाव पहिल्या पानावर, मग सही, मग शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं. त्यानंतर प्लॅस्टिकची पिशवी, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, वर खाकी कागद. कोपऱ्यांवर चिकटपट्टीचा दुहेरी फेरा, कारण पुस्तक दुमडतं ते कोपऱ्यातूनच. पत्ता मी हातानं लिहिते. ‘मारुती मंदिरामागे’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’ असं लिहिताना ते घर डोळ्यांपुढे येतं आणि पुस्तक नेमकं कुठे चाललंय ते कळतं.

वितरकाकडे दिलं तर छापील किमतीतले ४० ते ५० टक्के तिकडे जातात. त्यांच्या गोदामाचं भाडं, येणंजाणं, पडून राहिलेला माल पाहता ते गैर आहे असं मी म्हणणार नाही. पण छापील पुस्तकावर जीएसटी नसला तरी कागदावर तो भरावा लागतो, आणि छोट्या आवृत्तीत दर प्रतीचा खर्च तसाही जास्तच पडतो. मधले टक्के वाचले तर पुढच्या पुस्तकाचा कागद येतो. माझा हिशेब इतका साधा आहे.

१२. पोस्ट. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांची स्वस्त रजिस्टर्ड सेवा बंद झाली, तेव्हा माझ्यासारख्या सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट कुठवर गेलं तेही पाहता येतं. खेड्यातल्या वाचकासाठी याहून मोलाची सोय मला दुसरी दिसत नाही.

३. तासगाव तालुक्यातलं एक क वर्ग वाचनालय. ग्रंथपालबाईंनी वाचकांना बोलावलंय. सतरंजी, पंखा, कपाटांवर हातानं लिहिलेले विषय. मी आधीची कादंबरी घेऊन आलेय, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरची. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवत. २००५ च्या पुरात तिथे पाणी शिरलं आणि ती पद्धतच मोडकळीला आली. मी एक प्रकरण वाचते. चर्चा सुरू होते तसे मागे बसलेले एक आजोबा उठतात. तरुणपणी ते पेवांवर हमाल होते.

“बाई, पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. कंदील सोडायचा आधी. विझला तर वर थांबायचं, गप तंबाखू मळत. आमच्यात एकजण थांबला न्हाई.”

कोण थांबला नाही, ते ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. कंदील दोरीला बांधायचा की साखळीला, एवढं मात्र विचारते. ते उठून पुढे येतात, माझ्या हातातली पेनाची दोरी घेतात आणि गाठ मारून दाखवतात. कार्यक्रम संपतो. ग्रंथपालबाई दोन प्रती घेतात. अनुदानाचा हप्ता आला की पैसे मिळतील.

वाचनालयांवर माझा जीव आहे. १८६९ साली सुरू झालेल्या आमच्या सांगली नगर वाचनालयात २०१९ चा महापूर शिरला, तेव्हा भिजून फुगलेली पुस्तकं पाहताना माणसं रडत होती. ज्या गावात पुस्तकांसाठी माणसं रडतात, तिथे लेखकानं वाचक नाहीत म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही.

६.३०. विश्रामबागेत बायकांची भिशी. महिन्याला एक पुस्तक वाचायचं असं त्यांनी ठरवलंय; या वेळी माझं. नायिकेनं सासर का सोडलं नाही यावरून जोरदार वाद होतो. “तुम्हीच सांगा ना!” म्हणतात, पण मी सांगत नाही. पुस्तक आता त्यांचंही आहे. निघताना दोघी काकू मला हळूच बाजूला घेतात. “गोष्ट छान, पण अक्षर जरा मोठं करा हो. दुपारच्या उजेडातच वाचता येतं.”

९.३०. हिशेबाची वही. आलेले पैसे, उद्याचे पत्ते, दोन राहिलेली उत्तरं. कंदिलाची गाठ आठवतेय तोवर वहीत काढून ठेवते. मग काकूंचं गणित मांडते. १३ पॉइंटऐवजी १४ घेतला तर नव्या कादंबरीच्या अंदाजे २२४ पानांची २५६ होतील, म्हणजे सोळा पानी १४ फर्म्यांचे १६. कागद वाढेल, वजन वाढेल, टपालही थोडं चढेल. किंमत मात्र वाढवायची नाही, त्यासाठी मुखपृष्ठावरची उठावाची छपाई सोडून देता येईल. सतारमेकरांची कादंबरी १४ पॉइंटमध्येच निघेल. उद्या लिहून झालं की छापखान्याला फोन करून दर विचारायचा.