बॅज मिळाला, पडताळणी जमली का?

डाळिंबाच्या रसाने हृदयविकार टळतो, हा संदेश सोलापुरात कुणालाही चटकन पटेल. इथल्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच आहे. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याने हा दावा मोबाइलवर शोधला, तर त्याला शोधनिबंधही सापडतील. पण त्या संशोधनाला पैसे कोणी दिले, हे तो पाहील का? अमेरिकेतील पॉम वंडरफुल या रसविक्रेत्या कंपनीने स्वतःच पैसे पुरवलेल्या संशोधनाच्या आधारे हृदयविकार आणि प्रोस्टेट कर्करोगाबाबत जाहिराती केल्या होत्या. तिथल्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये अशा अनेक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो निष्कर्ष कायम ठेवला. दोष डाळिंबाचा नव्हता. दावा पुराव्यापेक्षा मोठा होता.

शाळेत ही अडचण कमी भासते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते राज्याच्या पुस्तकांतही आले. कोड स्कॅन केला की शिक्षकांनी निवडलेला मजकूर उघडतो. महाविद्यालयात मात्र निवड ज्याची त्याने करायची असते.

ती शिकवण्यासाठी परदेशातील काही विद्यापीठांची ग्रंथालये नव्या विद्यार्थ्यांना डिजिटल बॅज देतात. हा बिल्ला म्हणजे नुसते चित्र नव्हे. तो कोणी, कधी, कशासाठी दिला याची नोंद त्यातच असते. विद्यार्थ्याचे कामही त्याला जोडता येते.

बक्षिसात मात्र एक गोम आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना, चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळेत याच मुलांचा चित्रांतला रस घटलेला दिसला. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्यांचा टिकला. महाविद्यालयीन तरुण बालवाडीतले नाहीत, हे खरे. पण बॅज गोळा करण्याचा नाद त्यांनाही लागू शकतो.

म्हणून दहा पर्यायी प्रश्न सोडवून मिळणाऱ्या बॅजला फारसा अर्थ नाही. त्याऐवजी डाळिंबाच्या दाव्यावर अर्धे पान लिहून घ्यावे : अभ्यास कोणी केला, किती माणसांवर, कोणाच्या पैशाने, इतर तज्ज्ञ काय म्हणतात. तेच पान बॅजला जोडावे. आणि नीट शोधाशोध करून कुणी ‘पुरावा अपुरा आहे’ असे लिहिले, तर त्यालाही बॅज द्यावा.