छतावरचा दिवा आणि आगीचा धूर

घरात आग म्हटली की आपल्याला चूल, स्टोव्ह किंवा गॅस आठवतो. डोक्यावरच्या दिव्याकडे कुणी पाहत नाही. आपल्याकडे जुनी घरे लाकडी माळवदाची, तर काही नव्या घरांत थर्माकोल किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे छत. उष्णता या दोघांनाही मानवत नाही.

१०० वॅटचा साधा बल्ब बहुतांश वीज उष्णतेतच घालवतो. त्याची काच १५० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकते. कागदी कंदील टेकला की आधी करपतो, मग पेटतो. ९ वॅटचा एलईडी साधारण ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो आणि तापतो फार कमी.

मात्र एलईडी लावला म्हणजे काळजी मिटली असे नाही. दोष पुष्कळदा होल्डरमागच्या जोडात असतो. सैल स्क्रू किंवा नुसती पिळून जोडलेली वायर असली की तेवढीच जागा तापत राहते. प्रवाह वाढत नसल्याने फ्यूज जात नाही. दिवा लुकलुकणे, करपट वास, काळवंडलेला होल्डर ही त्याची लक्षणे होत.

डॉक्टर म्हणून मला ज्वालेपेक्षा धुराची धास्ती अधिक वाटते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० नवजात बालके दगावली. त्यांतील तीन भाजून, तर सात गुदमरून गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ती आग छतावरच्या दिव्याची नव्हती, पण धूर सगळीकडे सारखाच. त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्ध होतो.

आग लागल्यास शक्य असेल तर मेन स्विच बंद करा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. खाली वाकून बाहेर पडा. १०१ व १०८ ला कळवा. भाजलेल्या भागावर २० मिनिटे वाहते साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, तूप लावू नका. धूर छातीत गेलेल्यास डोकेदुखी, उलटी वा गुंगी असेल तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

दिवाळीच्या आधी जळमटे झाडतोच, त्याच वेळी वायरमनला बोलावून छतावरचे सर्व जोड तपासून घ्यावेत. खर्च थोडा आहे.