खर्चाला खर्च : काम घ्यावे की सोडावे?

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला. पुढे मागांचा खडखडाट शेजारच्या कबनुरातही ऐकू येऊ लागला. या भागातील पुष्कळ लहान मागवाले खर्चीवाले आहेत. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, आणि मिळते ती विणण्याची मजुरी. मंदीत व्यापारी म्हणतो, "जादा बिमे देतो, पण दर खर्चापुरताच." अशा वेळी काय करावे?

आपण आधी 'खर्च' हा शब्दच फोडून पाहू. जागेचे भाडे, कर्जाचे व्याज, विजेचा स्थिर आकार हे माग बंद असला तरी द्यावेच लागतात. विणकराची मजुरी, जळालेली वीज, सुटे भाग हा खर्च माग चालला तरच होतो. समजा, मीटरमागे हा चालता खर्च ३ रुपये आणि कायमचा खर्च १ रुपया, मिळून ४. दोन माग रिकामे आहेत आणि ४ रुपये दराने महिन्याला ४,००० मीटर काम मिळते. वहीत नफा शून्य दिसेल. परंतु कायमचा खर्च तसाही आपल्या माथी होताच; तेव्हा त्यापैकी ४,००० रुपये या कामाने भरून काढले. शिवाय विणकर टिकला. तो दुसऱ्याच्या मागावर गेला, तर तेजीत त्याला कोठून आणावयाचे? दर ३ रुपयांच्या खाली गेला, तर मात्र प्रत्येक मीटरला पदरचे पैसे घालावे लागतील.

आता दुसरी बाजू. मागावर साडेचार रुपयांचे काम असताना ते सोडून हे घेतले, तर महिन्याला २,००० रुपये गमावले. आणि गावात दर लपत नाही. व्यापारी पुढच्या खेपेस याच दराचा दाखला देतो, शेजाऱ्यालाही तोच ऐकवितो. सर्वच काम चारवर आले, तर भाडे-व्याज निघेल; पण घर कशावर चालवावयाचे, आणि जुना माग बदलावयाचा कशाने?

म्हणून आम्ही म्हणतो, तीन प्रश्न विचारावेत. माग खरोखर रिकामा आहे काय? दर चालत्या खर्चाहून वर आहे काय? मीटर, मुदत आणि पैसे देण्याची तारीख कागदावर आली काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर काम खुशाल घ्यावे. एकाचेही नकारार्थी आले, तर बंद माग परवडला.