चौथ्या सायकलीचा हिशोब

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या पुरुषांनी सायकलिंगच्या टीम परस्यूटचं सुवर्णपदक जिंकलं, ते ४ मिनिटं ८.७९१ सेकंदांत. एकोणतीस वर्षांनी, ३ ऑगस्ट २०२१ ला, टोकियो ऑलिंपिकमध्ये, जपानमधल्या इझूच्या व्हेलोड्रोममध्ये, जर्मनीच्याच चौघीजणींनी तेवढंच चार किलोमीटरचं अंतर ४ मिनिटं ४.२४२ सेकंदांत कापलं. ही तुलना तशी सरळ नाही, हे मान्य. बार्सिलोनाचा ट्रॅक उघड्यावर होता, इझूचा छताखाली. मधल्या काळात सायकली, कपडे, हेल्मेटं सगळंच बदललं. पुरुषही स्वस्थ बसलेले नव्हते. त्याच आठवड्यात इझूमध्ये इटलीच्या पुरुषांनी ३:४२.०३२ अशी वेळ नोंदवली. तरीही, महिलांना किती अंतर झेपेल याबद्दल सायकलिंगचे कारभारी इतकी वर्षं ज्या बेताबेतानं निर्णय घेत आले, ते पाहता ४:०४.२४२ हा आकडा त्यांच्या टेबलावर काचेखाली ठेवण्याजोगा आहे.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. अडीचशे मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणावर चाळीस अंशांहून अधिक तिरका. समोरासमोरच्या दोन सरळ बाजूंवर दोन संघ उभे. पहिल्या सायकलीचं मागचं चाक एका यंत्राच्या जबड्यात अडकवलेलं. उलटी मोजणी संपली की जबडा उघडतो. सायकलीला ब्रेक नाही आणि गिअर एकच, तोही चाकाशी पक्का जखडलेला, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय थांबवताच येत नाहीत. दोन्ही संघ एकमेकांच्या मागे धावतात. एकानं दुसऱ्याला गाठलं तर प्रश्नच मिटला, नाही तर घड्याळ सांगेल तो निकाल.

सारी गंमत रांगेत आहे. पुढची सायकलस्वार वारा फोडते आणि मागचीची जवळपास एक तृतीयांश ताकद वाचते. त्यासाठी मागचीनं आपलं पुढचं चाक पुढचीच्या मागच्या चाकाला जेमतेम काही सेंटिमीटर सोडून ठेवायचं, तेही ताशी साठच्या आसपासच्या वेगात आणि ब्रेकशिवाय. पुढचीची पाळी संपली की ती वळणावर ट्रॅकच्या चढाकडे सरकते, बाकीच्या खालून निघून जातात आणि ती उतारानं घसरत नेमकी शेपटाला येऊन चिकटते. पालखीचे भोई चालता चालता खांदा बदलतात आणि पालखी थांबत नाही, तसं. ही अदलाबदल हातभर चुकली तर तुटलेलं अंतर भरून काढताना पायातला जीव निघून जातो. वेळ पहिलीवर नाही, तिसरीवर मोजतात. तिसऱ्या सायकलीचं पुढचं चाक रेषेवर आलं की घड्याळ थांबतं.

या तिसरीत महिलांच्या विक्रमांची निम्मी गोष्ट आहे.

पुरुषांची टीम परस्यूट ऑलिंपिकमध्ये १९०८ पासून आहे. महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आली २००८ मध्ये, मँचेस्टरला. बरोब्बर शंभर वर्षांचा फरक. त्या साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रॅक सायकलिंगचे दहा प्रकार होते, पैकी सात पुरुषांचे आणि तीन महिलांचे. पुढे लंडनसाठी पाच-पाच अशी वाटणी झाली तेव्हा महिलांना टीम परस्यूट मिळाली आणि वैयक्तिक परस्यूट पुरुषांची नि महिलांची दोन्ही गेली. मिळाली तीही कापून. पुरुषांचे चार गडी नि चार किलोमीटर, महिलांच्या तिघी नि तीन किलोमीटर. याला काही शास्त्रीय कारण असेल तर ते आजवर माझ्या वाचनात आलेलं नाही.

तिघींचा संघ आणि वेळ तिसरीवर, याचा अर्थ कोणालाच मागे सोडता येत नाही. सगळ्यात दमलेलीला शेवटपर्यंत सांभाळून न्यायचं. ताकद राखून, समतोल साधून चालवायचा हा खेळ होता आणि ब्रिटनच्या मुली त्यात पटाईत झाल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ३:१५.७२० अशी वेळ नोंदवली. ऑगस्टमध्ये लंडनला डॅनी किंग, लॉरा ट्रॉट आणि जोआना रौसेल या तिघी तीनदा ट्रॅकवर उतरल्या आणि तीनदा विश्वविक्रम झाला: ३:१५.६६९, ३:१४.६८२ आणि अंतिम फेरीत ३:१४.०५१. समोर अमेरिका होती, ती पाच सेकंदांहून जास्त मागे राहिली. त्या अमेरिकी संघात एकोणचाळीस वर्षांची डॉटसी बॉश होती. विशीत मॉडेलिंग आणि खाण्याच्या विकारातून बाहेर पडून ती सायकलीकडे वळली होती.

मग २०१३ मध्ये नियम बदलला आणि महिलांनाही चौघी नि चार किलोमीटर झाले. जुना विक्रम तिथेच गोठला, नवा शून्यापासून सुरू. ऑक्टोबरमध्ये आपेलडॉर्नच्या युरोपीय स्पर्धेत ब्रिटननं ४:२६.५५६ केले, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. लंडनच्या तिघींचा सरासरी वेग ताशी साडेपंचावन्नच्या वर होता. अंतर वाढलं, वेग घटला. शंकेखोरांना हवं ते मिळालं असं क्षणभर वाटावं. पण दोनच आठवड्यांत मँचेस्टरला ब्रिटननंच ४:१९.६०४ केले आणि डिसेंबरात मेक्सिकोतल्या आग्वासकालिएन्तेसला ४:१६.५५२. हे शहर समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून उंच, तिथली हवा विरळ, त्याचा फायदा झालाच. तरी हिशोब असा की चार किलोमीटरचा वेग आता तीन किलोमीटरच्या विक्रमी वेगापेक्षा जास्त होता, ताशी ५६ च्या पुढे. दोन महिन्यांत.

मुलींच्या पायांत एकाएकी ताकद आली नव्हती. चौथी सायकल आली होती. वेळ अजून तिसरीवरच मोजली जात होती, म्हणजे चौघींपैकी एक खर्चायला मोकळी झाली. तिनं आपल्यात आहे नाही ते सगळं एका लांब पाळीत ओतायचं, बाजूला व्हायचं आणि उरलेल्या तिघींनी रेषा गाठायची. रांग लांबली तशी प्रत्येकीला आडोशाला दम खायलाही जास्त वेळ मिळू लागला. पुरुषांचे संघ हे डावपेच कित्येक वर्षं वापरत होते. महिलांना ते शिकायला दोन महिने लागले, कारण त्यांना ते शिकवायचे राहिले होते एवढंच.

२०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसजवळच्या सँ-काँतँ-आँ-इव्हलिनच्या ट्रॅकवर ऑस्ट्रेलियानं हा विक्रम ४:१३.६८३ वर आणला. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांच्याकडून मोठी अपेक्षा होती. पण स्पर्धेच्या तोंडावर सराव करताना संघ भर वेगात कोसळला, मेलिसा हॉस्किन्सला रुग्णालयात न्यावं लागलं आणि ऑस्ट्रेलिया पाचवी आली. सेंटिमीटरवर चाक ठेवण्याची ही दुसरी बाजू.

रिओत अमेरिकी मुली एका विचित्र दिसणाऱ्या सायकलीवर आल्या होत्या. आपल्या सायकलीची चेन उजवीकडे असते, तशी जगातल्या जवळपास सगळ्याच सायकलींची असते. फेल्ट कंपनीच्या या सायकलीची चेन आणि दातेरी चक्रं डावीकडे होती. ट्रॅकवर कायम डावीकडेच वळायचं असतं, तेव्हा वजन आतल्या बाजूला आणि उजवी बाजू वाऱ्यासाठी गुळगुळीत, असा त्यामागचा विचार. उपांत्य फेरीत याच सायकलींवर सारा हॅमर, केली कॅटलिन, क्लोई डायगर्ट आणि जेनिफर व्हॅलेंटे यांनी ४:१२.२८२ असा विश्वविक्रम केला. तो टिकला जेमतेम पुढची शर्यत संपेपर्यंत, ब्रिटननं ४:१२.१५२ केले. त्याच दिवशी अंतिम फेरीत केटी आर्चिबाल्ड, लॉरा ट्रॉट, एलिनॉर बार्कर आणि जोआना रौसेल यांनी ४:१०.२३६. रौसेलकडे जरा लक्ष द्या. २००८ ला मँचेस्टरमध्ये महिलांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या ब्रिटिश संघातही ती होती. म्हणजे एकाच बाईच्या कारकिर्दीत हा खेळ जन्मला, तिघींचा चौघींचा झाला आणि सव्वाचार मिनिटांच्या आत आला.

पुढची पाच वर्षं हा विक्रम कोणी हलवला नाही. आणि २०२१ मध्ये इझूला दोन दिवसांत तो चारदा मोडला. २ ऑगस्टला पात्रता फेरीत फ्रान्सिस्का ब्राउसे, लिसा ब्रेनॉवर, लिसा क्लाइन आणि मीके क्रोगर या जर्मन चौघींनी ४:०७.३०७ केले, एका दमात जवळपास तीन सेकंद खाली. दुसऱ्या दिवशी ब्रिटननं ४:०६.७४८ केले, त्या आनंदात रेषा ओलांडल्यावर आर्चिबाल्ड आपल्याच सहकारी नेआ एव्हान्सच्या चाकावर जाऊन आदळली आणि दोघी पडल्या. काही मिनिटांतच जर्मनीनं तो आकडाही मागे टाकला आणि अंतिम फेरीत ४:०४.२४२. ताशी ५९ किलोमीटरला टेकलेला वेग, तोही उभ्यानं सुरू करून. ही रांग आणि आठ वर्षांपूर्वीची आपेलडॉर्नची रांग एकाच वेळी सोडली असती, तर जर्मन मुली रेषेवर पोचताना आपेलडॉर्नच्या संघाचे सुमारे ३३५ मीटर, म्हणजे एक फेरा आणि वर तिसरा हिस्सा, बाकी राहिले असते.

यात यंत्राचा वाटा किती आणि माणसाचा किती, याचा तंटा या खेळात कायमचा आहे. हात चेहऱ्यासमोर उंच घेऊन बसण्याची पद्धत, वारा कापणारं कापड, पूर्वीपेक्षा जड गिअर, मुद्दाम गरम ठेवलेला हॉल, सगळ्यानं सेकंद कमी झाले. पण हे सगळं सगळ्यांनाच उपलब्ध होतं. इझूच्या अंतिम फेरीत ब्रिटन सहा सेकंदांहून जास्त मागे होता. माझ्या मते जर्मन संघाचं मर्म दुसरीकडे होतं. ब्रेनॉवर टाइम ट्रायलची माजी विश्वविजेती, ब्राउसे पुढच्याच वर्षी वैयक्तिक परस्यूटची विश्वविजेती. एकट्यानं वारा फोडायची सवय असलेल्या मुलींची रांग शेवटच्या फेऱ्यांत विस्कटत नाही.

२०२४ चं ऑलिंपिक पॅरिसला आणि ट्रॅक सँ-काँतँ-आँ-इव्हलिनचाच. लंडन आणि रिओला रौप्य, टोकियोला कांस्य अशी पदकं गोळा करत आलेल्या अमेरिकेनं अखेर सुवर्ण जिंकलं. रिओच्या संघातल्या व्हॅलेंटे आणि डायगर्ट इथेही होत्या, सोबत लिली विल्यम्स आणि तीनच दिवसांपूर्वी रस्त्यावरच्या शर्यतीचं सुवर्ण घेऊन आलेली क्रिस्टन फॉकनर. वेळ ४:०४.३०६. इझूचा विक्रम वाचला ०.०६४ सेकंदानं, त्या वेगात हे अंतर होतं जेमतेम एक मीटर, सायकलीच्या लांबीहूनही कमी.

ऑलिंपिकमधून गेलेली महिलांची वैयक्तिक परस्यूट जागतिक स्पर्धेत चालूच राहिली, पण तीन किलोमीटरची. २०२५ पासून तीही चार किलोमीटरची झाली आहे.